गाडी कुठे आहे, हे फाट्यावर कळले पाहिजे



जिल्हा बैठकीच्या पत्रकावर आपण ‘सकाळी ठीक ११ वाजता’ असे छापतो आणि बैठक साडेबाराला सुरू होते. शहरातून आलेले पाहुणे म्हणतात, शेतकऱ्याला वेळेची किंमत नाही. खरे पाहता निम्मी माणसे सातपासून आपापल्या फाट्यावर उभी असतात. आठची गाडी निघाली का, वाटेत पंक्चर झाली का, की आगारातून सुटलीच नाही, हे त्यांना कोणी सांगत नाही. वेळ त्यांनी पाळलेली असते. पाळूनही ती वाया जाते.

स्थानकावरचे वेळापत्रक आणि तालुक्याच्या पावसाची सरासरी या एकाच जातीच्या गोष्टी आहेत. सरासरी ७५० मिलिमीटर आहे म्हणून कोणी तिफण बाहेर काढत नाही. पाऊस किती पडला, ओल किती खोल गेली, वाफसा आला का, हे पाहूनच कोरडवाहूवाला पेरतो. वेळापत्रक सांगते की गाडी आठला यायला हवी. आपल्याला हवे आहे ते एवढेच, की आज ती कुठे आहे आणि येणार आहे की नाही.

हे सांगणे आता अवघड राहिलेले नाही. बससारख्या नव्या प्रवासी वाहनांवर ठावठिकाणा सांगणारे यंत्र १ जानेवारी २०१९ पासून केंद्राच्या नियमाने सक्तीचे झाले. आपल्या एसटीनेही २०१९ मध्येच गाड्यांवर जीपीएस बसवायला सुरुवात केली. यंत्राचे काम साधे आहे. उपग्रहांच्या संदेशावरून ते आपली जागा ओळखते आणि आतल्या सिमकार्डातून ती दर थोड्या सेकंदांनी मुख्य संगणकाला कळवते. रेंज नसेल तेथे नोंद साठवून ठेवते आणि रेंज आली की पाठवते. रस्ता कोणता, नेहमी वेग किती पडतो, हे संगणकाला ठाऊक असते. त्यावरून पुढच्या थांब्यावर गाडी किती वाजता पोहोचेल याचा अंदाज निघतो.

खोट येते ती बहुधा माणसाच्या बाजूने. सकाळी एक गाडी नादुरुस्त निघते, तिच्या जागी दुसरी लावली जाते. ही गाडी आता कोणत्या फेरीवर आहे, हे आगारातल्या कोणीतरी संगणकाला सांगावे लागते. ते राहून गेले, की न धावणारी गाडी पडद्यावर धावते आणि धावणारी दिसतच नाही. यंत्र विकत घेणे सोपे असते. रोज पहाटे ही जोडणी करणारा माणूस नेमणे हेच खरे काम आहे, आणि त्याचे उद्घाटन होत नसल्यामुळे ते मागे पडते.

पुण्या-मुंबईच्या प्रवाशाला गाडीचा ठावठिकाणा ही सोय आहे. एक बस चुकली तर दहा मिनिटांत दुसरी येते. आपल्या गावाला दिवसातून दोन फेऱ्या. सकाळची गाडी येणार नाही हे सहाला कळले, तर माणूस शेजाऱ्याची मोटारसायकल बघेल, दवाखाना उद्यावर टाकेल किंवा सरळ वावरात जाईल. साडेनऊपर्यंत ताटकळून कळले तर बँकही गेली आणि डवरणीही गेली. गाड्या जितक्या कमी, तितकी ही माहिती मोलाची. आणि ती सगळ्यात उशिरा पोहोचते ती आपल्याकडेच.

समजा, एका फाट्यावर बारा माणसे दीड तास थांबली. अठरा तास झाले, म्हणजे वेचणीच्या दिवसांत दोन मजुरांच्या पुऱ्या दिवसाहून जास्त. कापसाचा उत्पादन खर्च मांडताना आपण निंदणी, फवारणी, वेचणी धरतो. फाट्यावरचे तास कोणत्याच रकान्यात बसत नाहीत. मार्च २०२३ पासून बायाबापड्यांचे एसटीचे तिकीट निम्मे झाले, हे चांगलेच झाले. थांबणे मात्र निम्मे झाले नाही.

गाडी रद्द झाल्याची बातमी फाट्यावर कोणालाच नसते असेही नाही. काळी-पिवळीवाल्याला ती असते. त्याचा माणूस स्थानकावर असतो, तो फोन करतो, आणि मग जीपमध्ये अकरावा माणूस बसतो. त्याला शिव्या देण्यात अर्थ नाही. तो नसता तर आपण पायी गेलो असतो. पण ज्याला माहिती त्याचा भाव, हा व्यवहार आपण कापसाच्या बाजारात पुरता ओळखून आहोत. तोच फाट्यावर चालतो.

रेल्वेचे पाहा. आपलीच पोरे गाडी कुठे आहे हे मोबाईलवर बघून मग स्टेशनला निघतात. अगदी साध्या फोनवरूनही १३९ नंबरला विचारता येते. एसटीचे अ‍ॅपही निघाले, मोठ्या स्थानकांवर पडदेही लागले. पण स्थानकावर पोहोचलेल्या माणसाचा निम्मा प्रश्न सुटलेला असतो, आणि अ‍ॅपला लागणारा फोन गावात बहुधा घरातल्या तरण्या पोराच्या खिशात असतो. फाट्यावर उभ्या म्हातारीकडे बटणांचा फोन असतो, तोही असला तर. लंडनने २०११ साली प्रत्येक बसथांब्याला पाच आकडी नंबर दिला. तो नंबर एसएमएसने पाठवला की येणाऱ्या गाड्यांची वेळ परत येत असे. लंडनला जे जमले ते आपल्या निंबाखालच्या थांब्याला जमायला हरकत काय? पत्र्याच्या पाटीवर नंबर लिहा, त्या नंबराला फोन केला की मराठीत आवाजाने उत्तर मिळू द्या.

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी गाड्या द्या, मग ठावठिकाणा. नसलेल्या गाडीचा पत्ता घेऊन काय करायचे? रास्त बोल आहे. यंत्राने गाडी वाढत नाही, रस्त्याचा खड्डाही बुजत नाही. पण या यंत्राचा दुसरा उपयोग जास्त मोठा आहे. ते नोंद ठेवते. आजवर गाऱ्हाणे घेऊन गेलो की आगारात उत्तर मिळते, ‘फेरी नियमित आहे, एखाद्या दिवशी चुकली असेल.’ आपल्याजवळ नुसता शब्द, त्यांच्याजवळ कागद. आता कोणती गाडी कोणत्या दिवशी फाट्यापर्यंत आलीच नाही, हे त्यांच्याच संगणकात लिहिलेले सापडेल. मानव विकासच्या निळ्या गाड्या मागास तालुक्यांतल्या मुलींच्या शाळेसाठी आहेत. त्यातली गाडी महिन्यात किती दिवस शाळा भरण्याआधी पोहोचली, हे बापाला कळले पाहिजे. गाडीच्या भरवशावर मुलगी दहावीनंतर शिकते, आणि भरवसा तुटला की घरी बसते.

ही नोंद लोकांपुढे ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातले कलम ४ सांगते, की सार्वजनिक संस्थेने न मागता माहिती जाहीर करावी. दिल्ली सरकारने २०१८ साली बसगाड्यांच्या ठावठिकाण्याची माहिती कोणालाही वापरता येईल अशी खुली केली. आपल्याकडे दर महिन्याला प्रत्येक आगाराच्या फळ्यावर गावनिहाय रद्द फेऱ्या लिहिल्या गेल्या, तरी पुष्कळ झाले.

एक सांभाळायचे. या नोंदीचा चाबूक चालक-वाहकाच्या पाठीवर पडता कामा नये. जुनी गाडी आणि उखडलेला रस्ता त्याने निवडलेला नाही. उशीर दिसला म्हणून त्याला नोटीस आणि फेरी रद्द करणारा मोकळा, असे झाले तर तो यंत्राची वायरच काढून ठेवील.

तेव्हा पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक गावाने एक वही घालावी. पंधरा दिवस, चार रकाने: तारीख, गाडीची ठरलेली वेळ, प्रत्यक्ष आलेली वेळ, थांबलेली माणसे. गाडी आली नाही तर ‘आली नाही’ असे स्पष्ट लिहावे. वही एखाद्या शाळकरी मुलीच्या हाती द्या. ती रोज तेथे असतेच आणि तिची वेळ चुकत नाही. अदमासाने काही लिहू नका, एक खोटी ओळ सापडली तर चौदा दिवस फुकट जातील. वह्या बैठकीत गोळा करू, आगार व्यवस्थापकाकडे त्याच पंधरा दिवसांची यंत्राची नोंद लेखी मागू, आणि दोन्ही शेजारी ठेवून त्यांच्यासमोरच वाचू.