चप्पल पायाला कुठे धरते?

महाशिवरात्रीला चामोर्शी तालुक्यातल्या मार्कंडादेवच्या यात्रेत वैनगंगेचा काठ माणसांनी फुलून जातो. दर्शनाला जायचे तर पायातले काढूनच. दुपारच्या उन्हात दगड तापलेला असतो, वाळू तापलेली असते. ज्याच्या पायाला चटका बसतो तो टाचांवर चालतो, उड्या मारत सावली गाठतो, आणि विसरून जातो. पण त्याच गर्दीत काही पाय असे असतात की ज्यांना दगड तापला आहे हे कळतच नाही. ते शांतपणे रांगेत उभे राहतात. घरी गेल्यावर तळव्याला मोठा फोड दिसतो, आणि तोही बरेचदा दुसऱ्या कुणाच्या तरी नजरेला आधी पडतो.

हे पाय कुष्ठरोगातून बरे झालेल्यांचे असतात, आणि आता वाढत्या संख्येने जुन्या मधुमेहींचेही. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत कुष्ठरोग ही इतिहासजमा गोष्ट नाही. वरोऱ्याला बाबा आमट्यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि आनंदवन उभे केले, ते याच मुलखातल्या गरजेतून. 1980 च्या दशकात बहुविध औषधोपचार आले आणि सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी रोग बरा होऊ लागला. डिसेंबर 2005 मध्ये देशपातळीवर दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण, हे उद्दिष्टही गाठले गेले. तरीही जगात दरवर्षी सापडणाऱ्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक भारतातले असतात आणि चंद्रपूर-गडचिरोलीत शोधमोहीम निघाली की नवे रुग्ण आजही निघतात. गोळ्या जंतू मारतात. मेलेली नस मात्र गोळ्यांनी जिवंत होत नाही. बधिरता नवी असेल, पाच-सहा महिन्यांच्या आतली, तर स्टेरॉइडच्या उपचाराने नस वाचण्याची शक्यता असते. तो काळ निघून गेला की उरतो तो बधिर पाय, आणि तो जन्मभर सांभाळावा लागतो.

सांभाळायचा कशाने? उत्तर साधे वाटते: चपलेने. पण कोणती चप्पल, हा प्रश्न आपण फारच हलक्यात घेतला आहे. मऊ तळ हवा, हे सगळ्यांना पाठ झाले आहे. चपलेने पाऊल कुठे आणि कसे धरायचे, याकडे मात्र कोणी बघत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे.

आधी थोडे शरीरशास्त्र. घोट्याच्या आतल्या बाजूने एक नस तळपायाकडे उतरते. तळव्याची संवेदना तीच नेते आणि पंजातले छोटे स्नायूही तीच हलवते. कुष्ठरोगात ती बिघडली की दोन गोष्टी एकदम होतात. तळवा बधिर होतो आणि बोटे आखडून चिमट्यासारखी वाकतात. गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूने जाणारी दुसरी नस गेली तर पाऊल वर उचलता येत नाही, पंजा लोंबतो आणि चालताना बोटे जमिनीला घासतात. डॉक्टर त्याला फूट ड्रॉप म्हणतात. आता चालण्याकडे पाहा. टाच टेकते, वजन पुढे सरकते, आणि पाऊल उचलण्याच्या क्षणी सगळा भार अंगठ्याच्या मुळाशी आणि बोटांच्या बैठकीवर येतो. बधिर पायाला जखमा सर्वाधिक होतात त्या इथेच, पंजाच्या पुढच्या भागात.

वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिले की कुष्ठरोग्याची बोटे 'सडून झडत' नाहीत. वेदना नसल्यामुळे माणूस त्याच जागेवर पुन्हा पुन्हा भार देत राहतो, जखमेवर जखम होते, हाडापर्यंत जाते. तुम्ही-आम्ही दहा किलोमीटर चाललो तर नकळत पाऊल टाकण्याची ढब बदलतो; दुखऱ्या जागेवरचा भार दुसरीकडे टाकतो, थोडे लंगडतो. बधिर पाय लंगडत नाही. पहिल्या पावलाला जसा पडतो तसाच शेवटच्या पावलाला पडतो. त्याच विचारातून दक्षिण भारतातल्या कुष्ठरोग संस्थांमध्ये मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे एमसीआरच्या चपला आल्या: आत बारीक हवेच्या पोकळ्या असलेले मऊ रबर, खाली काटा घुसू नये म्हणून कडक तळ. आज सरकारी कुष्ठरोग कार्यक्रमातून त्या मोफत मिळतात.

इथवर सगळे ठीक. आता चपलेच्या वरच्या बाजूला येऊ.

आपल्या खेड्यापाड्यांतली सर्वांत जास्त वापरली जाणारी चप्पल हवाई. तिचा पट्टा अंगठा आणि शेजारचे बोट यांच्या बेचक्यातून जातो. मागे काही नाही. ही चप्पल पायात राहते ती पट्ट्यामुळे नव्हे, बोटांमुळे. प्रत्येक पावलाला बोटे नकळत आवळून तिला धरून ठेवतात. निरोगी पायाला हे जमते, इतके की आपण ते करतो आहोत हेही आपल्याला माहीत नसते. ज्याच्या बोटांत ती ताकद नाही आणि चप्पल निसटली हे कळण्याची संवेदनाही नाही, त्याच्या पायातून हवाई चप्पल रस्त्यात कुठेतरी गळून पडते आणि तो तसाच अनवाणी पुढे चालत राहतो. धानाच्या बांधावर, कापणीनंतरच्या धसकटांवर, मेमध्ये तेंदूपत्त्याच्या जंगलात. शिवाय बेचक्यातली ती रबरी वादी सतत घासते. तिथली कातडी नाजूक, घामाने ओली. घासून फोड आला तरी दुखत नाही, म्हणून दिसत नाही; बोटे फाकवून कोण पाहतो?

आणखी एक गोष्ट, जी प्रत्येक घरात घडते. हवाई चपलेचा पट्टा भोकातून निघतो. मग खालून सेफ्टी पिन टोचली जाते, किंवा एखादा खिळा ठोकला जातो, आणि चप्पल आणखी दोन महिने चालते. संवेदना असलेल्या पायाला पिन टोचली की माणूस ओरडतो. बधिर पायात तीच पिन दिवसभर रुतून राहू शकते. म्हणून अशा पायासाठीच्या चपलेत खिळा चालत नाही, शिवण आणि चिकट द्रव एवढेच चालते, हा नियम आहे. दुरुस्तीलाही तोच नियम लागू होतो, हे मात्र गावातल्या मोच्याला कोणी सांगितलेले नसते.

पायाचा पुढचा भाग कसा धरावा, या एका प्रश्नावर जगात दुसरीकडे केवढी बुद्धी खर्च झाली आहे ते पाहण्यासारखे आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा बर्फाचे नाव काढणे विनोदीच. तरी उदाहरण नेमके आहे. आल्प्समध्ये लोक स्की पायाला बांधून डोंगर चढतात आणि मग घसरत उतरतात. काही जण उभी दुभंगणारी फळी वापरतात, तिला स्प्लिटबोर्ड म्हणतात. चढताना टाच मोकळी हवी, बूट फक्त पुढे, बोटांपाशी धरलेला हवा, बिजागरीसारखा. 1980 च्या दशकात फ्रिट्झ बार्थेल या ऑस्ट्रियन माणसाने बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंनी छोट्या खाचा आणि त्यांत बसणाऱ्या दोन टोकदार खुंट्या, अशी हलकी रचना केली. आजही या प्रवासाची बहुतेक बाइंडिंग त्याच कल्पनेवर चालतात. निवडणाऱ्याला प्रश्न पडतो तो असा: पुढची पकड इतकी घट्ट हवी की चढणीवर बूट सुटू नये, आणि इतकी सैल की पडताना सुटावा, नाहीतर गुडघा किंवा नडगी मोडते. म्हणून तिथे एक खटका असतो. चढताना पकड बंद करायची, उतरताना साधारणपणे उघडी ठेवायची. पकड कधी सुटावी आणि कधी सुटू नये, हे तिथे ठरवून ठेवलेले असते.

आपल्या हवाई चपलेत हे कोणीच ठरवलेले नाही. चिखलात पाय रुतला की ती सुटते, म्हणजे जेव्हा सुटू नये तेव्हा. आणि वादी घासू लागते तेव्हा ती सुटत नाही. बर्फावर हौसेने जाणाऱ्यासाठी जेवढा विचार होतो, तेवढा एटापल्लीच्या बाजारातून पायी घरी परतणाऱ्या बाईसाठी का होऊ नये, एवढेच विचारायचे आहे. विचार तसा झालेलाही आहे, कागदावर. बधिर पायाच्या चपलेला बेचक्यातली वादी नको. पंजावरून जाणारे दोन रुंद पट्टे हवेत, कमी-जास्त करता येणारे, आणि टाचेमागून एक पट्टा हवाच. बोटांना काहीही धरून ठेवावे लागू नये, हे त्यामागचे तत्त्व. पुढे बोटांच्या टोकापलीकडे चपलेचा थोडा भाग उरला पाहिजे, म्हणजे ठेच चपलेला लागेल.

अडचण आहे ती वाटपात. शिबिर लागते, चपलांची पोती उघडतात, सहा नंबर, सात नंबर, आठ नंबर. माणूस पाय घालून बघतो, 'बसली' म्हणतो, सही किंवा अंगठा होतो. पण बधिर पायाने 'बसली' म्हणणे म्हणजे डोळे झाकून रंग सांगण्यासारखे आहे. तो पाय मोजावा लागतो. एकाच माणसाचे दोन पाय दोन मापांचे असू शकतात, कारण एका पायाचे बोट आखूड झाले आहे. वाकलेल्या बोटांवरून पट्टा गेला तर सांध्यावर घासणार, म्हणून तो मागे सरकवावा लागतो. जुन्या जखमेच्या वणावर पट्ट्याची कड येता कामा नये. पंजा लोंबत असेल तर नुसती चप्पल पुरत नाही. नडगीला बांधलेल्या पट्ट्यापासून चपलेच्या पुढच्या भागापर्यंत ताणलेला लवचिक पट्टा लागतो, तो पाऊल वर ओढून धरतो. ही सगळी निवड पायागणिक वेगळी. ती पोत्यातून होत नाही. चपलांचे जोड किती वाटले हा आकडा अहवालात येतो. सहा महिन्यांनी त्यांतले किती पायांत आहेत, याचा आकडा मागितला गेला पाहिजे.

पायांत नसण्याचे दुसरेही कारण आहे आणि ते मापापेक्षा अवघड. ती चप्पल ओळखू येते. गावात कोणी ती घालून निघाले की चार डोळे आधी पायाकडे जातात. मुलीचे लग्न ठरायचे असते, सोयरीक मोडायला एवढे पुरते. म्हणून चांगली चप्पल घरातल्या खुंटीला आणि बाजाराला जाताना पायात हवाई. याला अडाणीपणा म्हणणारे शहाणे भेटतात. मला तो हिशेब समजण्यासारखा वाटतो. उपाय चपलेच्या बाजूने शोधायला हवा. बाजारात मागे पट्टा असलेल्या सँडल सर्रास मिळतात, बायकांच्या आणि पुरुषांच्याही. त्यांच्यात एमसीआरचा तळ बसवता येतो. तालुक्याच्या ठिकाणचा मोची हे काम एका दुपारी शिकू शकतो. त्याला रबर पुरवा, मजुरी द्या, दोन नियम सांगा. मधुमेहींनाही तीच सँडल लागते, म्हणून ती कुष्ठरोग्याची म्हणून ओळखली जाणे आपोआप कमी होईल.

शेतीच्या कामाचा प्रश्न मात्र यानेही सुटत नाही, हे मान्य करायला हवे. रोवणीच्या चिखलात कोणतीही सँडल टिकत नाही. तिथे गमबूट सुचवले जातात, पण त्यांत पाणी शिरते, पाय उबतो, आणि आत खडा गेला तर कळत नाही. ज्याच्या तळव्याला उघडी जखम आहे त्याने त्या दिवसांत चिखलात उतरूच नये, एवढेच खरे. आणि रोजीवर जगणाऱ्याला हे सांगणे किती सोपे आहे ते सांगणाऱ्याला ठाऊक असते. रोवणीच्या दिवसांत अशा कुटुंबाला बांधावरचे काम मिळावे ही मागणी ग्रामसभेत करता येईल.

बधिर पाय आहे की नाही, हे आरोग्य उपकेंद्रात तपासता येते. नायलॉनच्या दोऱ्यासारखा एक तंतू असतो, तो 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. डोळे मिटायला सांगून तळव्याच्या ठरावीक जागांवर तो टेकवतात. कळला तर संरक्षक संवेदना शिल्लक आहे. कळला नाही तर त्या पायासाठी हवाई चप्पल आजपासून बंद. पेनच्या टोकाने हलका स्पर्श करूनही अंदाज घेता येतो.

नवी चप्पल मिळाली की पहिल्या दिवशी ती अर्धा तासच घालायची, मग काढून पाय नीट पाहायचा. तळवा दिसत नसेल तर आरसा ठेवायचा किंवा घरातल्या कोणाला दाखवायचा. अंगठ्याचे मूळ, करंगळीची बाजू, बोटांच्या बेचक्या, टाचेमागे जिथे पट्टा येतो ती जागा. लाली दिसली आणि वीस मिनिटांत गेली नाही तर पट्टा त्या जागी चुकला आहे. हाताच्या मागच्या बाजूने दोन्ही पाय चाचपायचे. एखादी जागा इतरांपेक्षा गरम लागली तर कातडीखाली जखम सुरू झाली आहे, आणि ती थंड होईपर्यंत त्या पायाला विश्रांती द्यायची. दुसऱ्या दिवशी एक तास. रोज रात्री पाय वीस-तीस मिनिटे साध्या पाण्यात भिजवायचे, जाड झालेली कातडी खरबरीत दगडाने हलकेच घासायची आणि ओल्या पायालाच खोबरेल किंवा मोहाचे तेल लावायचे. चप्पल घालण्याआधी ती उलटी करून झटकायची, तळावरून हात फिरवायचा आणि खिळा, काटा, पिन काही आहे का ते पाहायचे. हातही बधिर असेल तर हे काम घरातल्या दुसऱ्या कोणी करायचे.