चाचणीनंतर कोण?

तोवर जगात कुठेही नसलेला एक कायदा इटलीच्या संसदेने सप्टेंबर २०२३ मध्ये संमत केला. १ ते १७ वर्षांच्या मुलांची टाइप १ मधुमेहासाठी तपासणी करण्याचा देशव्यापी कार्यक्रम त्यातून आखला गेला; जोडीला सेलिअ‍ॅक हा आतड्याचा विकारही आहे. यातली मेख अशी की ही तपासणी आजारी मुलांची नाही. धडधाकट, खेळत्या, साखर अगदी प्रमाणात असलेल्या मुलांचे रक्त काढून त्यातल्या कुणाला पुढे हा मधुमेह होणार, हे आधीच ओळखायचे आहे. जर्मनीतील बव्हेरिया प्रांत २०१५ पासून हेच करतो आहे, ब्रिटनने अशी पाहणी हाती घेतली आणि अमेरिकेत रुग्णांच्या नातेवाइकांसाठी ही सोय बरीच वर्षे आहे. आपल्याकडेही महानगरांतल्या लॅबच्या दरपत्रकात या चाचण्या आहेतच. ‘फुल बॉडी चेकअप’च्या पॅकेजात त्या शिरायला फार काळ लागणार नाही. तेव्हा या वाटेने जायचे का, याचा विचार बाजाराने परस्पर उरकण्याआधी आरोग्य खात्याने केलेला बरा. आमच्या मते जरूर जावे. पण सुरुवात दुसऱ्या टोकाकडून व्हावी. आधी पाठपुरावा करणारी माणसे, मग चाचणी.

टाइप १ हा आजी-आजोबांचा मधुमेह नव्हे. तो गोड खाऊन होत नाही, पोट सुटल्याने होत नाही आणि पथ्य-व्यायामाने टळतही नाही. शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणाच स्वादुपिंडातल्या बीटा पेशींवर उलटते आणि इन्सुलिन तयार करणाऱ्या या पेशी हळूहळू संपवत आणते. हा घरभेदीपणा महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे चालतो आणि बाहेर कशाचा पत्ता नसतो. रक्तात मात्र खुणा उमटतात. खुद्द इन्सुलिन, जीएडी, आयए-२ आणि झिंक ट्रान्सपोर्टर ८ या प्रथिनांविरुद्ध तयार होणाऱ्या अँटीबॉडी या त्या खुणा. त्यांच्या आधारे अमेरिकेतल्या मधुमेहविषयक संस्थांनी २०१५ मध्ये आजाराचे तीन टप्पे ठरवले. दोन किंवा अधिक अँटीबॉडी आहेत, पण साखर ठीक, हा पहिला. साखर किंचित बिघडू लागली की दुसरा. डॉक्टर आजवर ज्याला निदान म्हणत आले, तो थेट तिसरा. दोन अँटीबॉडी असलेल्या दर दहा मुलांपैकी सुमारे सात जणांना दहा वर्षांत मधुमेह होतो आणि उरलेल्यांपैकी बहुतेकांना पुढे कधी तरी. एकच अँटीबॉडी सापडली तर चित्र अगदी निराळे. अशा बहुतेकांना दहा वर्षांत काहीही होत नाही. काहींची ती अँटीबॉडी नाहीशीही होते.

भाकीत इतके नेमके, पण आजार टाळणारे औषध अद्याप नाही. लांबवणारे आहे. टेप्लिझुमॅब या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. दुसऱ्या टप्प्यातल्या, आठ वर्षे व त्यापुढच्या वयाच्या रुग्णांना ते चौदा दिवस शिरेतून द्यायचे. मूळ अभ्यासात त्याने आजार साधारण दोन वर्षे पुढे ढकलला. बाजारात आले तेव्हा एका उपचाराची किंमत होती सुमारे १ लाख ९४ हजार डॉलर, म्हणजे दीड कोटी रुपयांच्या वर. दहा वर्षांच्या मुलाला सुईविना दोन वर्षे मिळणे ही लहान गोष्ट नव्हे, हे त्याच्या आईला विचारावे. तरीही या औषधाच्या भरवशावर आपल्याकडे सरसकट तपासणीची मागणी करणे म्हणजे बाजारात तुरी.

तपासणीचा खरा लाभ याहून साधा आहे. बव्हेरियात पहिल्या ९० हजार मुलांत २८० मुले आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यांत सापडली. कशावर लक्ष ठेवायचे हे त्यांच्या घरच्यांना शिकवले गेले. पुढे ज्यांना मधुमेह झाला, त्यांच्यात कीटोअ‍ॅसिडोसिसच्या अवस्थेत रुग्णालयात आलेली मुले मोजकीच होती. इन्सुलिन संपले की शरीर चरबी जाळू लागते, रक्त आम्लधर्मी होते, आणि वेळेत उपचार झाले नाहीत तर मूल बेशुद्ध होऊन दगावते. कीटोअ‍ॅसिडोसिस तो हाच.

आपल्याकडे हे कसे घडते ते कोणत्याही जिल्हा रुग्णालयातल्या बालरोगतज्ज्ञाला विचारावे. सात वर्षांची मुलगी रात्री उठून तांब्याभर पाणी पिते. वर्गात दर तासाला लघवीला जाऊ का विचारते, बाई रागावतात. अंथरूण ओले करणे केव्हाच थांबलेले असते, ते पुन्हा सुरू होते आणि घरात चेष्टेचा विषय होते. फ्रॉक सैल होतो. उंची वाढतेय, जंत झाले असतील, असे म्हणून जंताचे औषध दिले जाते. मोरीत मुंग्या लागतात, हे एखाद्या आजीच्या नजरेतून सुटत नाही. पण आपल्याला आहे तो आजार नातीला असेल असे तिच्याही मनात येत नाही. मग एके दिवशी उलट्या, पोटदुखी, धाप. गॅस्ट्रो समजून सलाईन लावले जाते आणि पोर गळून गेली आहे म्हणून ती बाटली नेमकी ग्लुकोजची असते. छाती साफ असूनही लागलेली धाप न्यूमोनिया ठरते. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन ग्लुकोमीटरच्या पट्टीवर साखर पाहायला काही सेकंद लागतात. तेवढे मात्र कुणी केलेले नसते. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१च्या अंदाजानुसार भारतात वीस वर्षांखालील सुमारे २ लाख २९ हजार मुलामुलींना टाइप १ मधुमेह आहे आणि ही संख्या जगात सर्वाधिक आहे. ही हयात असलेल्यांची गणती. न्यूमोनिया म्हणून गेलेल्यांची नोंद कुठे शोधणार?

इथे इटलीच्याच एका जुन्या उद्योगाची आठवण करून द्यायला हवी, कारण कायद्याच्या कौतुकात तो झाकला जातो. १९९१ मध्ये पार्मा प्रांतातल्या डॉक्टरांनी १७७ शाळांत एक पोस्टर लावले. तुमचे मूल नेहमीपेक्षा जास्त पाणी पिते का, जास्त लघवी करते का, पुन्हा अंथरूण ओले करू लागले आहे का, एवढाच त्याचा आशय. बालरोगतज्ज्ञांच्या हाती साखर मोजण्याचे साहित्य दिले. त्याआधीच्या चार वर्षांत तिथे नव्याने निदान झालेल्या मुलांपैकी ७८ टक्के कीटोअ‍ॅसिडोसिससह आली होती. १९९१ ते १९९७ या काळात हे प्रमाण १२.५ टक्क्यांवर आले. अँटीबॉडीची एकही चाचणी न करता. इटलीचा २०२३चा कायदा ज्या जमिनीवर उभा आहे, ती तीस वर्षांपूर्वी अशी कसली गेली होती. आपण मात्र पाया सोडून थेट कळसाचे दर विचारत आहोत.

चाचणी होकारार्थी आल्यावर काय करायचे, यासंबंधी अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी २०२४ मध्ये एकमताने मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. त्या आमच्या आरोग्य संचालनालयाने वाचाव्यात, त्यातल्या विज्ञानासाठी नव्हे, कामाच्या वाटणीसाठी. पहिला अहवाल दुसऱ्या नमुन्यावर पक्का करून घ्यावा. दोन अँटीबॉडी असलेल्या अगदी लहान मुलांची साखर दर तीन महिन्यांनी पाहावी, त्याहून मोठ्यांची सहा महिन्यांनी, आणखी मोठ्यांची वर्षातून एकदा. दुसरा टप्पा सुरू झाला की पुन्हा दर तीन महिन्यांनी. घरच्यांना लक्षणे आणि कीटोअ‍ॅसिडोसिस यांची माहिती द्यावी, आणि ती एकदा देऊन थांबू नये. मुलाच्या व आईबापांच्या मनावर काय ओझे पडले आहे, याची प्रत्येक खेपेला चौकशी करावी. हे सगळे नेहमीच्या डॉक्टरने आणि तज्ज्ञाने मिळून करावे. यात महागडे यंत्र जवळपास कुठेच नाही. लागतात ती वर्षानुवर्षे जागेवर राहणारी माणसे. बदलीच्या मोसमात वैद्यकीय अधिकारी पालटतो, कंत्राटी परिचारिकेची मुदत संपते, आशा सेविकेच्या वहीत आधीच डझनावारी रकाने आहेत. दोन वर्षांच्या मुलाला दर तीन महिन्यांनी बोलावण्याची आठवण अशा ठिकाणी कोण ठेवणार?

शिवाय इथल्या मातीतल्या अडचणी त्या सूचनांत पुरेशा उतरणार नाहीत. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी चाचणी हिमोग्लोबिनवर बेतलेली आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६७ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आढळला. लोहाच्या कमतरतेने हा आकडा फसवा वाढू शकतो. नंदुरबार-गडचिरोलीच्या पट्ट्यात सिकलसेलमुळे तो दुसऱ्याच बाजूला घसरू शकतो. तिथे साधी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखरच भरवशाची. संशोधनाच्या पातळीवर मात्र आपण अगदीच रिकाम्या हाताने नाही. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी आणि ब्रिटनचे एक्झिटर विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये दाखवले की युरोपीय लोकांवरून बेतलेला जनुकीय जोखमीचा गुणांक भारतीयांमध्येही टाइप १ ओळखायला उपयोगी पडतो, मात्र आपल्या जनुकांतले काही फरक ध्यानात घ्यावे लागतात. अशी कामे वाढली पाहिजेत.

आणखी एक किंमत आहे. ती लॅबच्या पावतीवर नसते. अजून न झालेल्या आजाराचा कागद घरात आला की तो फक्त डॉक्टरच्या फायलीत राहत नाही. विमा कंपनीचा अर्ज भरताना तो समोर येतो. मुलीचा असेल तर आई तो कपाटात साड्यांच्या तळाशी ठेवते, कारण उद्या स्थळे येणार असतात. टाइप १ असलेल्या मुली लग्नाच्या बोलण्यात इन्सुलिन लपवतात, हे या क्षेत्रातल्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक आहे. आता जिला आजारच नाही तिच्यावरही ही पाळी आणायची असेल, तर त्या बदल्यात तिला काहीतरी ठोस द्यायला हवे: फोन उचलणारा माणूस, फुकट पट्ट्या, आणि मधुमेह झालाच तर पहिल्या दिवसापासून अखंड इन्सुलिन. हे देता येत नसेल तर न सांगणेच माणुसकीचे. एकाच अँटीबॉडीच्या अहवालाने घाबरलेल्या कुटुंबाला कुणीतरी शतावरीपासून स्टेम सेलपर्यंत काहीही विकेल, हेही गृहीत धरावे.

मग करायचे काय? सुरुवात भावंडांपासून व्हावी. पाश्चात्त्य अभ्यासांनुसार रुग्णाच्या सख्ख्या नातेवाइकांना हा आजार होण्याची जोखीम इतरांच्या सुमारे पंधरा पट असते. शिवाय त्या घरात सुई, पट्टी, साखर हे शब्द आधीच रुळलेले असतात. आईला लक्षणे नव्याने शिकवावी लागत नाहीत. सरकारी रुग्णालयातून इन्सुलिन नेणाऱ्या प्रत्येक मुलाच्या भावंडांना, पालकांची इच्छा असेल तर, अँटीबॉडी चाचणी मोफत मिळावी आणि तिचा पाठपुरावा वैद्यकीय महाविद्यालयाच्या बालरोग विभागाकडे नावानिशी सोपवावा. खासगी लॅबला तज्ज्ञाच्या चिठ्ठीशिवाय ही चाचणी विकता येऊ नये.

पण नव्याने आजारी पडणाऱ्या दहा मुलांपैकी जवळपास नऊ जणांच्या घरात हा आजार आधी कुणालाच नसतो. त्यांच्यासाठी पार्माचाच रस्ता. सरकारची मधुमेह तपासणी तिशीपासून सुरू होते, आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याच्या ३० विकारांच्या यादीत मधुमेह नव्हता. त्या कार्यक्रमाची फिरती पथके मात्र वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत जातातच. सरसकट प्रत्येक मुलाचे बोट टोचायची गरज नाही. एका दिवसाच्या साखरेवरून पुढच्या महिन्याचे काही कळत नाही. पथकाने शिक्षिकेला आणि अंगणवाडी सेविकेला तेच तीन प्रश्न शिकवावेत, संशय आला तर त्याच दिवशी साखर मोजावी आणि ती जास्त निघाली तर उद्याची वाट न पाहता मूल रुग्णालयात पोहोचवावे. उलट्या किंवा धाप घेऊन आलेल्या मुलाला सलाईन लावण्याआधी साखर पाहणे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सक्तीचे हवे. एका पट्टीला पंधरा-वीस रुपये पडतात. १४ नोव्हेंबरला जागतिक मधुमेह दिन आणि बालदिन एकत्र येतात म्हणून होणाऱ्या भाषणांच्या मंडपखर्चातच त्यातल्या कितीतरी येतील.

शाळा जूनमध्ये उघडतात. पोस्टर छापायला, पथकांच्या पेट्यांत ग्लुकोमीटर टाकायला आणि सरकारी इन्सुलिनवर असलेल्या मुलांच्या भावंडांची जिल्हावार यादी काढायला एक उन्हाळी सुट्टी पुरते. इटलीसारखा कायदा हवा की नको, यावर विधिमंडळाने त्यानंतरच्या अधिवेशनात खुशाल चर्चा करावी.