हार, जप्ती आणि मधली वाट

तेलगावचे नाव बाहेरच्या माणसाने ऐकले असेल तर ते साखर कारखान्यामुळे. धारूर तालुक्यातले हे गाव. सुंदरराव सोळंके सहकारी साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला, की चार महिने इथल्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि ट्रॉल्यांखेरीज दुसरे काही दिसत नाही. चौकात चहाच्या टपऱ्यांना खेटून वेल्डिंगची दुकाने आहेत, लेथ आहे, टायरवाले आहेत. ट्रॉलीचा साटा, पेरणीचे यंत्र, कोळपे, फवारणीचा गाडा, असले सगळे याच दुकानांत जोडले जाते. नकाशा कागदावर नसतो; तो खडूने फरशीवर काढलेला असतो आणि संध्याकाळी झाडूने पुसला जातो. या कामाला आपण ‘जुगाड’ म्हणतो आणि मोकळे होतो. या शब्दात थोडे कौतुक आहे, पण बरीचशी हेटाळणी आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

त्याला निमित्त माझ्या भाच्याचे. आयटीआय करून तो चौकातल्या एका गॅरेजमध्ये काम करतो. दोन वर्षे रात्री जागून त्याने एक उघडी, दोन माणसांची मोटार बांधली. भंगारात निघालेल्या मारुती ओम्नीचे इंजिन, गिअरबॉक्स, प्रोपेलर शाफ्ट आणि मागचा ॲक्सल त्याने घेतला. ओम्नीच का, असे मी विचारले, तेव्हा तो म्हणाला, “मामा, ओम्नीची वढ मागच्या चाकांना असती. मारुती आठशेची पुढच्या चाकांना. आपल्याला इंजिन पुढं पायजे आन् वढ मागं.” मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवले, एवढ्या थोडक्यात मला ते कधी सांगता आले नव्हते. चौकोनी पाइपची चासी, ॲल्युमिनियमचा पत्रा, पुढे सुटे मडगार्ड, दार नाही, टप नाही. फोनवर पाहिलेल्या जुन्या इंग्लिश लोटस सेव्हन मोटारीची ती सरळ सरळ नक्कल आहे आणि तो ते लपवीत नाही. काट्यावर वजन भरले पाचशे चाळीस किलो. खर्च सव्वा लाखाच्या घरात.

गेल्या हिवाळ्यात तालुक्याच्या गावी कृषी प्रदर्शन भरले होते. आमच्याकडे मोटारींची प्रदर्शने भरत नाहीत. तेव्हा ठिबक सिंचनाच्या आणि रोटाव्हेटरच्या मांडवांमध्ये तिला एक कोपरा मिळाला. रस्त्यावर चालवता येत नाही म्हणून टेम्पोत घालून नेली. दोन दिवस मी तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसलो होतो. माणसे काय विचारतात ते ऐकण्यासारखे होते. पहिला प्रश्न, ॲव्हरेज किती? दुसरा, केवढ्याला देणार? तिसरा, मागे किती जण बसतील? ऊसतोडीला जाणाऱ्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि गंभीरपणे विचारले, “ह्यात ऊस किती बसंल?” हसू आले, पण प्रश्न खरा होता. ज्या जिल्ह्यातून दर दिवाळीनंतर लाखो माणसे कोयते घेऊन बाहेर पडतात, तिथे वाहन हे ओझ्यासाठी असते. केवळ चालवण्याच्या आनंदासाठी कोणी ते बांधावे, ही कल्पनाच नवी.

बंदोबस्ताला असलेले एक पोलीसही आले. त्यांनी स्टिअरिंगमागे बसून फोटो काढून घेतला, पाठ थोपटली आणि उतरताना म्हणाले, “भारी केली. पण रोडवर आणू नको, उचलावी लागंल.” त्यांचे काही चुकले नाही. पण त्या दोन वाक्यांत आपल्या समाजाची घरी घडवलेल्या वस्तूकडे पाहण्याची सगळी रीत आली. एक तर हार घालायचा, नाही तर जप्ती. मधली वाटच नाही.

चासी नंबरची अडचण

अडचण कुठे आहे ते नीट समजून घेऊ. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे नोंदणीशिवाय वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. नोंदणीला चासी नंबर लागतो. भाच्याच्या गाडीच्या इंजिनावर नंबर आहे; चासी मात्र त्याने स्वतः बांधली, तिला नंबर देणार कोण? केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२६ वा नियम सांगतो, की उत्पादकाने आपल्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा. पुण्याची एआरएआय ही त्यातली जुनी आणि नावाजलेली संस्था. पण ही सारी व्यवस्था हजारो गाड्या काढणाऱ्या कारखान्यांसाठी आखलेली आहे. एकच गाडी बांधणारा माणूस त्या नियमाच्या डोळ्यांपुढे कधी नव्हताच. असलेल्या गाडीत फेरफार करावा, तर जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की कारखान्याच्या मूळ रचनेत बदल केलेली गाडी नोंदता येणार नाही.

हे नियम कोणी वाईट हेतूने केलेले नाहीत. २०२२ या एका वर्षात भारतातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांवर माणसे मेली. आमच्याच भागात हंगामात रात्री दिव्याशिवाय चाललेल्या ट्रॉलीवर आदळून घरेच्या घरे उघडी पडली आहेत. तेव्हा ‘पोराने हौसेने केली आहे, जाऊ द्या’ असे म्हणणारा मी नाही. ब्रेक लागला नाही, तर समोरच्याला ती गाडी हौसेची होती की कारखान्याची, याने काय फरक पडणार? माझे म्हणणे एवढेच, की गाडी धोक्याची आहे की नाही हे तपासून ठरवावे. न तपासता नव्हे.

इंग्लंडने काय केले

ज्या मोटारीची नक्कल भाच्याने केली, तिचा इतिहास गमतीचा आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये नव्या मोटारींवर जबर खरेदी कर होता. सुट्या भागांच्या संचावर तो नव्हता. कॉलिन चॅपमन यांनी १९५७ साली लोटस सेव्हन काढली आणि ती सुट्या भागांतही विकली. लोक घरी नेऊन जोडत. १९७३ मध्ये करपद्धती बदलली आणि ती सवलत गेली, पण हौस गेली नाही. केटरहॅम कंपनीने सेव्हनचे हक्क घेतले आणि त्या घाटाची मोटार चालू ठेवली. १९९६ साली रॉन चॅम्पियन या शिक्षकाने अडीचशे पौंडांत स्वतःची स्पोर्ट्स कार कशी बांधावी याचे पुस्तकच लिहिले. जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे भाग काढायचे आणि चौकोनी पाइपची चासी जोडायची. अमेरिकेच्या कॅरोल शेल्बींनी १९६२ मध्ये इंग्लिश एसी गाडीत फोर्डचे इंजिन बसवून ‘कोब्रा’ केली. मूळ गाड्या हजाराच्या आसपास. नकला त्याच्या कितीतरी पट.

वॉरिकशायरमधल्या स्टोनली इथे अशा घरी बांधलेल्या गाड्यांचे प्रदर्शन वर्षानुवर्षे भरत आले आहे. तिथे माणसे आपापल्या गाड्या चालवत येतात, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हेच. कारण तिथे एकेकट्या गाडीची तपासणी करून तिला मान्यता देण्याची सरकारी सोय आहे. सीटबेल्ट कुठे बांधला आहे, ब्रेक समान लागतात का, धूर आणि आवाज किती, दिवे-आरसे जागेवर आहेत का, सारे पाहतात. बाहेरची कड किती बोथट असावी हेसुद्धा ठरलेले आहे. माणसाला लागेल अशा कडेची गोलाई अडीच मिलिमीटरपेक्षा कमी चालत नाही. नापास झालात, तर काय चुकले त्याचा कागद मिळतो. दुरुस्त करून परत या. म्हणजे तिथला ‘नाही’ हा शेवटचा शब्द नसतो, तो पुढच्या कामाची यादी असतो.

नक्कल आणि कित्ता

“पण शेवटी ही नक्कलच ना? त्यात कसले कर्तृत्व?” असे प्रदर्शनात एका सुशिक्षित गृहस्थांनी मला विचारले. आपण सगळे अक्षर शिकलो ते कित्ता गिरवून. कित्त्यावरून हात फिरवणाऱ्या मुलाला कोणी चोर म्हणत नाही. लोखंडाचाही कित्ता असतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा त्यांच्यापुढे परदेशी नांगर होतेच. लोखंडाने जमीन नासते असे म्हणून शेतकरी तो घेईनात. बेळगावची जागा सोडण्याची वेळ आली, तेव्हा औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ त्यांना जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगर किर्लोस्करांचा खरा. पण त्यांना पाय ठेवायला कोणीतरी जागा दिली, हेही तितकेच खरे.

इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांना ती मिळाली नाही. फारसे न शिकलेल्या या माणसाने १९४९ साली ‘मीरा’ नावाची छोटी दोन आसनी मोटार बांधली आणि पुढची पंचवीसेक वर्षे तो तिची नवनवी रूपे करीत राहिला. बारा हजार रुपयांत सामान्य माणसाला मोटार द्यायची हे त्यांचे स्वप्न. परवान्यांच्या त्या काळात मीरा कारखान्यातून कधीच बाहेर पडली नाही.

आणि अगदी अलीकडची गोष्ट. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाची हौस म्हणून सुमारे साठ हजार रुपयांत भंगारातून चारचाकी बांधली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत आनंद महिंद्रांनी पाहिली. ही गाडी नियमांत बसत नाही, अधिकारी आज ना उद्या ती थांबवतील, हे ओळखून त्यांनी तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली, आणि जानेवारी २०२२ मध्ये ती दिली. मोठ्या मनाचे काम केले, यात शंका नाही. पण त्यातून गावोगावच्या लोहारांनी काय शिकावे? चित्रफीत गाजली तर बोलेरो, नाही तर जप्ती? लोहारांची गाडी शोभेची वस्तू झाली, ते बोलेरोचे मालक झाले. गाडी घडवणारा माणूस म्हणून त्यांना आणि त्यांच्या मागून येणाऱ्यांना वाट कोणती, हा प्रश्न जिथल्या तिथे राहिला.

मधली वाट

वाट काढणे अशक्य आहे का? आपल्याच देशात २००७ पासून ‘बाहा’ ही स्पर्धा भरते. इंजिनिअरिंगची मुले स्वतः बांधलेल्या एक आसनी गाड्या घेऊन पिथमपूरला जातात. तिथे मैदानात उतरण्याआधी प्रत्येक गाडीची कसून तपासणी होते. ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम जाम झाली पाहिजेत. झाली नाहीत तर गाडी बाहेर. म्हणजे घरी बांधलेली एकटी गाडी कशी तपासावी हे आपल्या अभियंत्यांना चांगले ठाऊक आहे. त्या गाड्याही रस्त्यावर येत नाहीत, हे खरे. पण निदान त्यांना कोणी वाकून पाहते, मोजते, चूक दाखवते. हे भाग्य कॉलेजच्या मुलाला मिळते, चौकातल्या वेल्डरला मिळत नाही. माझी खरी तक्रार इथे आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनाने आणि परिवहन कार्यालयाने मिळून वर्षातून दोन दिवस घरी बांधलेल्या वाहनांसाठी ठेवावेत. आधी तपासणी, मग प्रदर्शन. पहिली काही वर्षे नोंदणी नसली तरी चालेल; काय चुकले त्याचा कागद हातात पडावा. जी गाडी पूर्ण उतरेल, तिला पुढे केंद्राने नियमात दुरुस्ती करून मर्यादित नोंदणी द्यावी: वेगाला बंधन, भाड्याने चालवायला मनाई, विमा सक्तीचा, दरवर्षी फेरतपासणी, आणि चासीवर ठोकायला एक नंबर. अशा गाड्या किती असतील? जिल्ह्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांनी रस्ते भरणार नाहीत.

“एका पोराच्या हौसेसाठी एवढा खटाटोप कशाला?” असे कोणी म्हणेल. आमच्या भागातली पोरे पुण्याकडे जातात, चाकणच्या एखाद्या कारखान्यात कंत्राटावर लागतात. दिवसभर एकाच जागी उभे राहून एकच बोल्ट आवळतात. ज्याने अख्खी गाडी स्वतः जोडली आहे, त्यालाही आपल्यापाशी देण्यासारखे काम तेवढेच आहे. मागच्या महिन्यात माझ्या भाच्यालाही तसे बोलावणे आले. त्याने अजून हो म्हटलेले नाही. “मामा, एकदा कुनी नीट तपासून सांगितलं आसतं ना, गाडी बरी हाय का वाईट, तरी चाललं आसतं,” असे तो म्हणतो. त्याला हार नको आहे, बोलेरोही नको आहे. त्याला परीक्षक हवा आहे.

शिक्षक म्हणून मला एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. नापास होण्याने मुले तितकी खचत नाहीत, जितकी पेपरच तपासला न जाण्याने खचतात. आपल्या चौकाचौकांत असे कितीतरी पेपर न तपासता पडून आहेत.