‘करावे’चा अर्थ : कार्यवाहीच्या प्रश्नांविषयी

भारतीय भाषांतील ज्या गद्यप्रकाराचे वाचन आज कदाचित सर्वांत अधिक काळजीने होते, त्याची दखल आपल्या वाङ्मयीन नियतकालिकांनी फारशी घेतल्याचे दिसत नाही. बँका, रेल्वे, लोकसेवा आयोग यांच्या परीक्षांतील ‘विधान आणि कार्यवाही’ हा तो प्रकार. दोन-तीन वाक्यांत एखादी सार्वजनिक अडचण सांगितलेली असते. तिच्याखाली दोन किंवा तीन उपाय मांडलेले असतात. विधानातील मजकूर सत्य मानून यांपैकी कोणता उपाय ‘तर्कदृष्ट्या अनुसरतो’ हे उमेदवाराने ठरवावयाचे असते. केवळ पहिला, केवळ दुसरा, दोन्ही, किंवा एकही नाही, एवढेच पर्याय त्याच्यापुढे असतात, आणि निवाडा मिनिटभरात द्यावयाचा असतो. त्यावर लाखो तरुणांची उपजीविका अवलंबून आहे, हे एक कारणही या प्रश्नाकडे गंभीरपणे पाहण्यास पुरेसे आहे. परंतु आपल्यासारख्यांना त्यात आणखी एका कारणाने लक्ष घालावे लागते. माझ्या मते हा प्रश्न तर्काच्या नावाखाली विचारला जात असला तरी तो मुळात अर्थनिर्णयाचा आणि नीतीचा प्रश्न आहे. आणि त्याच्या उत्तराची पारख तर्काच्या उत्तरासारखी, म्हणजे एका अक्षराने, करणे हे अन्यायाचे आहे.

‘अनुसरतो’ हे क्रियापदच पाहावे. ‘सर्व पक्षी अंडी घालतात, कावळा पक्षी आहे’ या दोन वाक्यांमागून तिसरे वाक्य अनुसरते. परंतु ‘शहरातील सार्वजनिक ग्रंथालयाच्या वाचकांची संख्या घटत आहे’ या वाक्यामागून ‘ग्रंथालय बंद करावे’ हेही अनुसरत नाही आणि ‘वाचक का येत नाहीत याची पाहणी करावी’ हेही अनुसरत नाही. जे आहे त्यावरून जे व्हावे तिकडे जाण्यास मध्ये काहीतरी इष्ट गृहीत धरावे लागते. ग्रंथालय टिकावे हे इष्ट मानले तर दुसरी कार्यवाही योग्य. नगरपालिकेचा खर्च आटोक्यात यावा हे इष्ट मानले तर पहिलीही अगदीच त्याज्य ठरत नाही. न्यायशास्त्राने प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन हे पाच अवयव सांगितले ते याचसाठी की हेतू आणि त्याची व्याप्ती प्रतिपक्षाला दिसावी व त्याला ती तपासता यावी. कार्यवाहीच्या प्रश्नात प्रतिज्ञा आणि निगमन तेवढे छापलेले असते. मधले सारे प्रश्नकर्त्याच्या मनात राहते आणि उमेदवाराने ते ओळखावयाचे असते.

मीमांसकांनी या जागेचा विचार फार खोलवर केला आहे. विधिवाक्यातील प्रत्यय नेमके काय सांगतो, हा त्यांचा शतकानुशतकांचा वाद. मंडनमिश्रांनी ‘विधिविवेका’त विध्यर्थ म्हणजे इष्टसाधनता, असा पक्ष घेतला: अमुक करावे याचा अर्थ अमुक हे इष्टाचे साधन आहे. प्रभाकरमतानुसार विधिवाक्य कार्याचा, नियोगाचा बोध करून देते. फळाची इच्छा हा त्याचा अर्थ नव्हे. आता समजा, हे दोघे एखाद्या भरतीपरीक्षेस बसले. पहिला प्रत्येक उपायापाशी थांबून ‘कोणाचे इष्ट?’ असे विचारील आणि वेळ संपेल. दुसरा ‘हे शासनाचे कर्तव्य आहे काय?’ एवढेच पाहील व बहुधा उत्तीर्ण होईल.

कारण उत्तरतालिका ज्या संकेतांवर चालतात ते शिकवणीवर्गांतून आणि मार्गदर्शक पुस्तकांतून उघडपणे शिकविले जातात. ‘ताबडतोब बंदी घालावी’ असे आले की ती कार्यवाही चूक. ‘सर्व’, ‘फक्त’, ‘कायमचे’ हे शब्द दिसले की संशय घ्यावा. ‘चौकशी करावी’, ‘समिती नेमावी’, ‘जनजागृती करावी’ हे बहुधा बरोबर. कर्ता जवळजवळ नेहमी शासन. लोक असतात ते अडचण म्हणून किंवा जागृती करण्याची वस्तू म्हणून. उपाय मवाळ असेल तर तो व्यवहार्य, हे येथील अलिखित गृहीत आहे. हे संकेत एका विशिष्ट कचेरीच्या शिष्टाचाराचे संकेत आहेत, आणि कारकुनी शहाणपण म्हणून ते टाकाऊ नव्हेत. पण त्यांना तर्क म्हणणे कठीण आहे.

या संदर्भात पंचतंत्रातील तिसऱ्या तंत्राची, काकोलूकीयाची, आठवण होते. ते सारे तंत्रच कार्यवाहीच्या प्रश्नावर उभे आहे. घुबडांनी कावळ्यांचा संहार चालविला आहे. काकराज मेघवर्ण मंत्र्यांना विचारतो, काय करावे? कोणी संधी सुचवितो, कोणी विग्रह, कोणी यान, कोणी आसन, कोणी संश्रय. वृद्ध स्थिरजीवी द्वैधीभावाचा मार्ग दाखवितो. सहाही उपाय राजनीतीला मान्य आहेत. प्रत्येकाची मांडणी कारणांसह होते, आणि देश, काळ व बलाबल पाहून निवड होते. याहून बोधक भाग पुढे आहे. शरण आल्याचे सोंग घेतलेला स्थिरजीवी घुबडांच्या हाती लागतो, तेव्हा त्यांचा राजा अरिमर्दन आपल्या पाच मंत्र्यांचे मत घेतो. रक्ताक्ष एकटा म्हणतो, याला मारावे. उरलेले चौघे शरणागताला अभय द्यावे असे सांगतात. आजच्या उत्तरतालिकेने रक्ताक्षाचा उपाय आत्यंतिक म्हणून खोडला असता. कथेत मात्र तोच एक खरा ठरतो, कारण स्थिरजीवी गुहेच्या तोंडाशी काटक्या रचतो आणि घुबडे आत जळून मरतात. रक्ताक्षाची क्रूरता मला पटते असे नव्हे. कथेने त्याला कारण सांगण्यास जागा दिली आहे आणि इतरांनाही दिली आहे. म्हणून वाचकाला चौघांचे कुठे चुकले हे पाहता येते. परीक्षेच्या प्रश्नात हीच जागा गाळलेली असते.

एक नमुना घेऊ. तो मी रचलेला आहे, पण या प्रश्नांशी परिचय असलेल्याला तो ओळखीचा वाटेल. विधान: नदीकाठच्या काही गावांना दरवर्षी पुराचा तडाखा बसतो. कार्यवाही पहिली: शासनाने या गावांचे अन्यत्र पुनर्वसन करावे. कार्यवाही दुसरी: पुराची पूर्वसूचना ग्रामस्थांना मिळेल अशी व्यवस्था करावी. रूढ संकेताप्रमाणे उत्तर ‘केवळ दुसरी’. पुनर्वसन हा टोकाचा उपाय. आता हाच प्रश्न माजुली बेटावरील मुलगी वाचते असे समजा. ब्रह्मपुत्रा काठ खात जाते आणि घर मागे हलवावे लागते, हा तेथील पिढ्यांचा अनुभव आहे. तिला पहिल्या कार्यवाहीत काहीच टोकाचे दिसणार नाही. पुणे जिल्ह्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गाडले गेले आणि पुढे ते दुसऱ्या जागी वसविले गेले. तिथल्या माणसाला पहिली कार्यवाही उशिरा सुचलेली वाटेल. उलट सरदार सरोवरामुळे ज्यांना आपली गावे सोडावी लागली त्या नंदुरबारच्या अक्राणी-अक्कलकुव्याकडील उमेदवाराच्या कानाला ‘पुनर्वसन’ हा शब्द धमकीसारखा लागला तर नवल नाही. या तिघांपैकी कोणाचीही तर्कशक्ती कमी नाही. ‘पुनर्वसन’ या शब्दाचा इतिहास प्रत्येकाकडे वेगळा आहे, एवढेच. विधानात जे नाही ते गृहीत धरू नये, असा नियम येथे पुढे केला जाईल. पण ‘टोकाचा’ हा शेरा तरी विधानात कोठे आहे?

येथवरची अडचण कोणत्याही एका भाषेतही येते. अनेक भाषांत ती वाढते. संघ लोकसेवा आयोगाने २०११ साली पूर्वपरीक्षेत जी नवी अभिक्षमता-प्रश्नपत्रिका आणली तिच्या हिंदी भाषांतरावरून २०१४ मध्ये मोठे आंदोलन झाले. पोलादाच्या ‘प्लांट’चा ‘पौधा’ झाल्याचा दाखला तेव्हा तोंडोतोंडी होता. २०१५ पासून ती प्रश्नपत्रिका केवळ ३३ टक्के गुणांनी उत्तीर्ण होण्यापुरती उरली. ‘पौधा’ हास्यास्पद खरा, पण त्याने फसणारा विरळा. वाचणारा हसतो आणि मनातल्या मनात दुरुस्ती करतो. धोका आहे तो न दिसणाऱ्या भाषांतराचा. कार्यवाहीच्या प्रश्नाचा सारा भार इंग्रजीतील ‘शुड’वर असतो. मराठीत त्याचे ‘करावे’ होते. विध्यर्थाच्या या रूपाचे किती अर्थ होतात हे मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून (१९११) शालेय पुस्तकांपर्यंत सर्वत्र नोंदलेले आहे. ‘खरे बोलावे’ यात कर्तव्य, ‘यंदा पाऊस चांगला पडावा’ यात इच्छा, ‘तो एव्हाना पोहोचला असावा’ यात तर्क. भाषांतरकाराने ‘केले पाहिजे’ असे लिहिले तर तोच उपाय अधिक सक्तीचा होतो, आणि सक्तीचा वाटला की शिकवणीतील संकेताप्रमाणे तो चूक ठरतो. हिंदीतील ‘चाहिए’ आणि तमिळमधील ‘वेण्डुम्’ ही रूपे हवेपणा आणि कर्तव्य दोन्ही वाहतात. म्हणजे ‘टोकाचा’ आणि ‘मवाळ’ यांच्यामधील रेघ भाषेगणिक सरकते, उत्तरतालिका मात्र एकच. भाषांतराबाबत संशय आल्यास इंग्रजी पाठ अंतिम मानावा, असा नियम आपल्या कित्येक बहुभाषी परीक्षांत असतो. जानेवारी २०२४ पासून केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांची शिपाईभरती हिंदी-इंग्रजीखेरीज तेरा प्रादेशिक भाषांत घेण्याचा निर्णय झाला. तो स्वागतार्ह आहे, पण भाषा वाढल्या तशी ही जबाबदारीही वाढली.

न्यायालयाकडे जावे तर तेथे दार अरुंद आहे. कानपूर विद्यापीठ विरुद्ध समीर गुप्ता या १९८३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की उत्तरतालिकेतील उत्तर बरोबर समजावे. त्या विषयातील कोणत्याही समंजस जाणकाराला मान्य होणार नाही इतके ते उघड चूक असेल तरच ते बाजूस सारता येईल. रणविजय सिंह खटल्यात (२०१७) संशयाचा फायदा उमेदवाराला न देता परीक्षा घेणाऱ्या संस्थेला द्यावा, असे ठरले. भौतिकशास्त्राच्या प्रश्नाला हा दंडक शोभतो. कार्यवाहीच्या प्रश्नात समंजस जाणकार दोन्ही बाजूंना नेहमीच सापडतील, आणि म्हणून येथे उत्तरतालिका जवळजवळ अजिंक्य होते. महाराष्ट्र लोकसेवा आयोग पहिली उत्तरतालिका प्रसिद्ध करून हरकती मागवितो, ही पद्धत चांगली आहे. मात्र इतिहासाच्या उत्तरावर हरकत घेताना ग्रंथाचा आधार देता येतो. पुराच्या वरील प्रश्नावर आधार कोणत्या ग्रंथाचा द्यावा?

हे प्रश्न काढूनच टाकावेत असे कोणी म्हणेल. मला ते मान्य नाही. उद्याच्या अधिकाऱ्याला दोन अपुऱ्या उपायांतून निवड करावी लागणार आहे आणि त्याची ती शक्ती पाहिली गेली पाहिजे. संघ आयोगाने २०११ च्या त्याच प्रश्नपत्रिकेत निर्णयक्षमतेच्या मोजक्या प्रश्नांना चुकीच्या उत्तराबद्दल गुण वजा न करण्याची सवलत दिली होती. ती सवलत म्हणजे या प्रश्नांची जात वेगळी असल्याची एक कबुलीच होती. पुढील वर्षांत हे प्रश्न जवळजवळ नाहीसे झाले आणि तो विचार तेथेच थांबला.

माझी मागणी साधी आहे. उत्तरतालिकेत अशा प्रत्येक प्रश्नापुढे एक-दोन वाक्यांत हेतू छापला जावा. लाखो उत्तरपत्रिका यंत्राने तपासावयाच्या असतात, तेथे कारणे कोण लिहीत बसणार, हा आक्षेप येथे लागू पडत नाही. कारण प्रश्नकर्त्याने एकदाच लिहावयाचे आहे. ‘पूर दरवर्षी येतो पण गाव राहण्याजोगे आहे, असे धरून दुसरी कार्यवाही योग्य’ असे तालिकेत असले की हरकत घेणाऱ्याला बोट ठेवण्यास जागा मिळते. ज्या प्रश्नाचा हेतू लिहिताना प्रश्नकर्त्याची लेखणी अडेल तो प्रश्न छापखान्यात जाणार नाही. दुसरे असे की, काही प्रश्न मुळात मराठी, तेलुगू, असमिया अशा भाषांत लिहिले जावेत आणि मग इंग्रजीत न्यावेत. विद्यापीठांतील भाषाविभागांना हे काम करता येण्याजोगे आहे. ‘पुनर्वसन करावे’ या दोन शब्दांसाठी ‘मे’, ‘शुड’ की ‘मस्ट’, याचा खल मग प्रश्नकर्त्यांच्या बैठकीतच होईल, परीक्षा होण्यापूर्वी.