शाहिरी आणि श्रमाचा अभिमान

शिवजयंतीस दौंडात वा शिरुरात शाहीर उभा राहतो, डफावर थाप पडते आणि समोरच्या समुदायाच्या अंगावर रोमांच उभे राहतात. ते रोमांच खोटे आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु समोर कोण बसले आहे, हे शाहिराने एकदा डोळे उघडून पाहावे. दौंड जंक्शनावर रात्रपाळी करून आलेला रेल्वेचा गँगमन तेथे असतो. रांजणगावच्या कारखान्यात यंत्रापुढे उभा राहणारा तरुण असतो. भीमाकाठचा ऊस तोडावयास बीडकडून आलेले जोडपेही कडेला उभे असते. देशप्रेमाच्या गीतात यांना जागा मिळते ती टाळ्या वाजविण्यापुरती.

कोणी म्हणेल, पोवाडा वीररसाचा. त्यात कोयता आणि पाना कोठून आणावा? हा आक्षेप जुनाच आहे. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक काढले, तेव्हाही ‘हा प्रचार, ही कला नव्हे’ म्हणून नाके मुरडणारे होतेच. मुंबई सरकारने तर पुढे त्यांच्या खेळांवर बंदी घातली. त्यांच्या सगळ्याच रचना सारख्या उतरल्या आहेत असे नाही. काही घोषणांपलीकडे जात नाहीत, हे आम्ही मान्य करतो. पण ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड घ्या. पोटासाठी मुंबईस आलेल्या गड्याला गावी राहिलेल्या बायकोची आठवण येते. येथवर ती कोणत्याही विरहाच्या लावणीसारखी. पुढे तोच विरह तुकडे पडलेल्या महाराष्ट्राचा होतो. देश म्हणजे काय, हे त्या गड्यास कोणा पुढाऱ्याने शिकवावे लागत नाही. घरचे माणूस आणि हातचे काम यांच्या ताटातुटीतून ते त्यास कळलेले असते. राज्य झाले तेही 1 मे 1960 रोजी, कामगारदिनी. दिनदर्शिकेत ही दोन नावे शेजारी नांदतात. आमच्या गीतांत मात्र त्यांची गाठ पडत नाही.

आणि निष्ठेची शंका घेणाऱ्यांनी अमर शेखांकडे पाहावे. बार्शीचा हा गिरणीकामगार. चीनने 1962 साली आक्रमण केले, तेव्हा लाल निशाणाखाली वाढलेला हाच शाहीर हिमालयाच्या रक्षणासाठी गाऊ लागला. 1969 साली दौंडहून फार दूर नव्हे, इंदापूरजवळ, अपघातात तो गेला.

शिवरायांचा पोवाडा जरूर गावा. पण रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर गड बांधणाऱ्या हिरोजीचे नाव आजही कोरलेले आहे, हे गाणाऱ्यास ठाऊक असावे. स्वराज्याच्या राजधानीत बांधणाऱ्यास पायरी मिळाली. स्वराज्याच्या पोवाड्यात त्यास एक चौक मिळू नये काय? उत्सवाची वर्गणी पगारातून आणि मजुरीतून येते, शाहिराची बिदागी त्याच वर्गणीतून निघते. पुढच्या खेपेस डफ हाती घेण्यापूर्वी त्याने दौंडच्या फलाटावर एक रात्र काढावी आणि रूळ कोण तपासतो ते पाहून यावे.