शब्दांचीं कुळें : ‘चीट’

पत्त्यांच्या डावांत एकानें पान लपविलें कीं दुसरा लागलीच ओरडतो, “यानें चीटिंग केली!” आपल्या घराघरांत रुळलेला हा इंग्रजी शब्द मूळचा मात्र लबाडांचा नव्हे, तो राजाच्या दप्तरांतला, कायद्याचा शब्द आहे. असा कुलीन शब्द कुमार्गाला कसा लागला, तें आज पाहूं.

लॅटिन भाषेंत ‘कादेरे’ म्हणजे पडणें. आपल्या ‘शद्’ धातूशीं त्याचें नातें जोडण्यांत येतें. त्यास ‘बाहेर’ या अर्थाचा ‘एक्स’ हा उपसर्ग लागून, पुढें जुन्या फ्रेंचमध्यें ‘वांट्यास आलेलें’ अशा अर्थाचें नाम झालें. नॉर्मन लोकांनीं १०६६ मध्यें इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंच ही तेथील दरबाराची भाषा झाली, आणि हें नाम कायद्यांत ‘एस्चीट’ म्हणून स्थिरावलें. जमीनधारक निर्वंश वारला, किंवा घोर अपराधाबद्दल दोषी ठरला, तर त्याची जमीन ज्या धन्याकडून मिळाली असेल त्याच्याकडे परत जाई, हेंच एस्चीट. १२१५ च्या ‘मॅग्ना कार्टा’ सनदेंतहि अशा जमिनींचा उल्लेख आहे.

राजाच्या वतीनें हें काम पाहणारा अधिकारी तो ‘एस्चीटर’. धारक वारला कीं त्यानें पंचांस शपथ घालून जमीन किती, वारस कोण, त्याचें वय काय, हें लिहून घ्यावें, असा नियम होता. नियम निर्दोष, परंतु खरा वारस दारांत उभा असतां जमीन सरकारजमा करण्याची संधीहि त्याच हातीं होती. अशा जुलमाचा अनुभव लोकांस वारंवार आला. बोलतां बोलतां शब्दाचा आद्य भाग गळून ‘चीट’ उरला, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीस ‘फसविणें’ हा त्याचा अर्थ झाला. शेक्सपियरच्या ‘मेरी वाइव्हज् ऑफ विंडसर’ या नाटकांत फॉलस्टाफ दोन धनिक स्त्रियांस लुबाडण्याचा बेत सांगतांना ‘चीटर’ शब्दावर श्लेष करतो : राजाचा अधिकारीहि तोच आणि ठकहि तोच!

आतां ‘शाकुंतला’चा सहावा अंक आठवावा. धनमित्र नांवाचा सागरव्यापारी नौका फुटून मरण पावतो. त्याला अपत्य नाहीं, म्हणून त्याचें धन ‘राजगामी’ होणार, असें अमात्य लिहून कळवितो. दुष्यंत तें धन लगेच घेत नाहीं. त्याच्या स्त्रियांपैकीं कोणी गर्भवती आहे काय, याची चौकशी करवितो. एकीचें पुंसवन नुकतेंच झाल्याचें कळतांच, पित्याचें धन गर्भाचें, असा निर्णय देतो. आमचे अधिकारी धुतल्या तांदळासारखे होते असें नव्हे. कौटिल्यानेंच अपहाराचे चाळीस प्रकार सांगून ठेविले आहेत. परंतु कवीनें राजापुढें ठेवलेला आदर्श हा, कीं घेण्यापूर्वीं वारस शोधावा.

तो आदर्श सुटला म्हणजे काय होतें, हें महाराष्ट्रानें भोगलें आहे. औरस पुत्र नाहीं या कारणावरून डलहौसीनें १८४८ मध्यें सातारा व १८५४ मध्यें नागपूर खालसा केलें. कागदावर तें तत्त्व होतें. प्रजेच्या लेखीं ती लूट होती.

बेवारस धन सरकारांत जाणें हें स्वतः वाईट नव्हे. १९५६ च्या हिंदु उत्तराधिकार कायद्याचें २९ वें कलमहि, कोणीच वारस नसल्यास, मृताची मालमत्ता तिजवरील देण्यांसह सरकारकडे सोंपवितें. प्रश्न तत्त्वाचा नसून तें चालविणाऱ्या हातांचा आहे. शब्दाचा अर्थ सरकार कायद्यांत लिहून ठेवतें खरें. पण तो टिकतो कीं बदलतो, हें कचेरीच्या दारांत उभ्या असलेल्या माणसाच्या अनुभवावर ठरतें. ज्यांच्या हातीं शिक्का आहे, त्यांनीं ‘चीट’ शब्दाचें हें कुळ विसरूं नये.