माघार म्हणजे नामुष्की नव्हे

१७ फेब्रुवारी २०२५ रोजी कॅनडातील टोरांटो विमानतळावर ऐंशी जणांना घेऊन आलेले एक छोटे प्रवासी जेट उतरताना मोडून उलटले. तरीही एकाचाही प्राण गेला नाही. परंतु जीव वाचले म्हणून प्रश्न मिटत नाही.

त्या दिवशी वाऱ्याचे झोत पस्तीस नॉटपर्यंत पोचत होते. समोरून झोत आला की विमानाचा वायुवेग वाढतो. तो ओसरताच वेग व उचल दोन्ही घटतात आणि विमान झपाट्याने खाली येते. प्राथमिक चौकशी अहवालानुसार ते विमान मिनिटाला सुमारे अकराशे फूट वेगाने, उजवीकडे कललेल्या स्थितीत धावपट्टीवर आदळले. यंत्राने दिलेली धोक्याची सूचना टेकण्यापूर्वी तीन सेकंदही आधीची नव्हती. म्हणजे न उतरता पुन्हा वर जाण्याचा निर्णय घ्यावयाचा, तर तो त्यापूर्वीच घ्यावा लागतो.

तो न घेतल्यास काय होते, हे कोळिकोडने दाखविले. ७ ऑगस्ट २०२० रोजी तेथे पाऊस आणि पाठीमागून वारा असताना, सहवैमानिकाने सुचवूनही माघार घेतली गेली नाही. ते मोठे विमान धावपट्टी ओलांडून कोसळले. एकवीस जण दगावले.

वैमानिकाच्या माथी खापर फोडणे सोपे असते. पण माघार घेणाऱ्यास जाब विचारला जाणार नाही, ही हमी कंपन्यांनी दिली पाहिजे; आणि उशिराबद्दल प्रवाशांनीही कुरकूर करता कामा नये.